कोब्यावरचे टाचे

अन्नपूर्णाबाई घराच्या फाटकाबाहेर गेल्याला चार महिने झाले होते. धाड गावच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं शिकवलं. बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानदारांचे कान कधी ना कधी त्यांच्या चिमटीत आलेले. अशी बाई आता सकाळ-संध्याकाळ ओट्यावरच्या खुर्चीत बसून फाटकाकडे बघत असे. मांडीचं हाड बुलढाण्याच्या दवाखान्यात जोडलं होतं आणि ते चांगलं जुळलंही होतं. डॉक्टर म्हणाले होते, चाला; जितकं चालाल तितक्या मोकळ्या व्हाल, बसून राहिलात तर कायमच्या बसाल. घरात त्या वॉकर धरून चालत. ओट्याच्या कडेपर्यंत येत. तिथून फाटकापर्यंत चाळीस फूट सिमेंटचा कोबा होता, आणि त्या कोब्यावर त्या पाय ठेवत नव्हत्या.

तो कोबा महामायाच्या हातचा होता.

महामाया आता सत्तेचाळीस वर्षांची आहे. माहेर लोणारजवळचं. लग्न होऊन धाडला आली तेव्हा एकोणीसची होती. नवरा अश्वजित धाड-बुलढाणा जीप चालवतो. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती नौशाद मिस्त्रींच्या हाताखाली रेजा म्हणून लागली. रेजा म्हणजे डोक्यावर घमेलं वाहणारी बाई. पुरुषांनी माल कालवायचा, मिस्त्रीने थापी फिरवायची आणि रेजांनी खालून वर, वरून खाली ये-जा करायची. आपल्याकडे बाई घमेलं वाहता वाहता म्हातारी होते, पण थापी तिच्या हातात कोणी देत नाही आणि तीही मागत नाही.

महामायानेही मागितली नव्हती. ती नुसती बघायची. एका शुक्रवारी नौशाद मिस्त्री नमाजला गेले होते. एका खोलीत फरशीचा माल ओतून ठेवलेला, आणि ज्या माणसाने तो पसरायचा तो विडी प्यायला गेला तो गेलाच. उन्हाळा होता. माल सुकायला लागला. या धंद्यात माल सुकला असं म्हणत नाहीत, मेला असं म्हणतात. मेलेल्या मालात पाणी घालून त्याला जिवंत करणारे मिस्त्री पुष्कळ असतात, पण नौशाद तसल्या मिस्त्रींची नावंसुद्धा घेत नसत. महामायाने इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं, आणि फळी घेऊन माल ओढायला बसली. मिस्त्री परत आले तेव्हा खोली पुरी झाली होती. त्यांनी पाण्याची नळी घेतली, एक टोक या कोपऱ्यात धरलं, एक त्या कोपऱ्यात. पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहिलं.

"कोनं केलं हे?"

महामाया घमेल्यातलं सिमेंट खरवडत राहिली.

"उद्यापासून घमेलं दुसरीले दे," नौशाद म्हणाले.

पुढची पंधरा वर्षं ती त्यांच्याजवळ शिकली. पण तिचं खरं काम ठरलं ते जरा वेगळ्या कारणाने. धाडमध्ये घराघरांत मोटारसायकली आल्या, मग मोटारी आल्या, आणि लोकांना फाटकापासून दारापर्यंत पक्का रस्ता हवा झाला. मोठ्या मिस्त्रींना हे काम नको असायचं. भिंत दिसते, स्लॅब दिसतो. रस्ता पायाखाली जातो. बांधकाम संपल्यावर उरलेल्या गिट्टी-रेतीत कोणीतरी उरकून टाकायचं ते काम. म्हणून ते महामायाकडे आलं. तिने ते उरकलं नाही.

या भागातली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तर दोन वर्षांत तुकडे होतात. महामाया आधी हातभर माती काढून टाकायला लावी. मग दगड, त्यावर मुरूम. मुरमाला पाणी पाजून धुम्मसने इतकं ठोकायची की शेजारणी म्हणत, आमच्या मांडणीवरची भांडी हलून राह्यली. दर पाच फुटांवर काचेची पट्टी उभी बसवून ती कोब्याचे तुकडे पाडायची. घरमालक हटकून विचारत, चांगला अखंड रस्ता सोडून हे तुकडे काऊन? ती सांगे, "जमीन हलनारच हाय, भाऊ. प्रत्येक तुकड्याले आपापलं हलू द्या, म्हंजे एकमेकाले फोडनार नाहीत." कडेला फुटामागे दोन सूत, पाव इंच, ढाळ, म्हणजे पाणी थांबत नाही. आणि मग चौदा दिवस तराई: ओलं बारदान टाकून सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारायचं. नळाला दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात चौदा दिवस कोब्याला पाणी पाजायचं म्हणजे घरातल्या बायका वैतागत. महामाया स्वतः जाऊन बघे. बारदान कोरडं दिसलं तर बोलायची नाही, विहिरीवरून दोन कळशा आणून ओतायची. तेवढ्याने काम होई.

अश्वजित म्हणायचा, "पोरीले एवढं पानी पाजलं नाही हिनं, जेवढं सिमेटले पाजते."

पण इतकी वर्षं सगळी कामं नौशाद मिस्त्रींच्या नावावर होत होती. तिच्या स्वतःच्या नावाचं पहिलं काम अन्नपूर्णाबाईंनी दिलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अन्नपूर्णाबाईंचा मुलगा उकंडराव, ज्याचं बसस्टँडजवळ कृषी केंद्र आहे, त्याने मोटार घेतली. रस्त्यासाठी तो जालन्याहून मिस्त्री आणणार होता. आई म्हणाली, महामायाला बोलाव.

"आई, ते रेजा होय."

"होती. आता नाहीये. बाईनं केलेलं काम मला एकदा माझ्या दारात पाहायचंय."

शाळेत असताना मुख्याध्यापकांशी बोलायचा तोच आवाज. उकंडरावाने महामायाला निरोप धाडला.

आणि इथे महामाया चुकली. तिच्या मनाने घेतलं की हे काम असं झालं पाहिजे की पुन्हा कोणी रेजा म्हणू नये. खालचं सगळं तिने चोख केलं, पण ते मातीखाली गेलं. ते कोण बघणार? दिसणार ती वरची बाजू. म्हणून तिने घोटाई केली. नौशाद मिस्त्रींची घोटाई जिल्ह्यात नावाजलेली. काँक्रीट थोडं आवळलं की वर कोरडं सिमेंट भुरभुरायचं आणि उकिडवं बसून, मागे मागे सरकत, लोखंडी थापीने घोटत राहायचं. महामाया दोन दिवस घोटत होती. चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद. अन्नपूर्णाबाई ओट्यावरून बघत होत्या. "त्या कडेला अजून एक हात फिरव," त्या म्हणाल्या, आणि तिने फिरवला. तराई संपून बारदान उचललं तेव्हा गल्ली जमली. कोब्यात फाटकावरची जास्वंद दिसत होती. एका पोरीने त्यात पाहून भांग सरळ केला. नौशाद मिस्त्री येऊन गेले, हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आणि फक्त "माशाल्लाह" म्हणाले.

त्या एका कोब्यावर महामायाला पुढची पाच कामं मिळाली. पाचही जणांनी सांगितलं, बाईंच्या घरच्यासारखा चकचकीत पाहिजे.

अन्नपूर्णाबाई पडल्या तेव्हा महामाया लोणारला भावाच्या घराचं काम करत होती. महिन्याने परत आली. आठवडी बाजारात उकंडरावाची बायको पुष्पाबाई वांगी निवडताना भेटली.

"वहिनी, बाई बऱ्या हायेत?"

"तुले माईत नाही? आत्याबाई पडल्या नं. मांडीचं हाड मोडलं. सकाळी सडा टाकून राह्यल्या होत्या, पाय सटकला."

"सडा? कोब्यावर?"

"तं काय. पन्नास वर्षांची सवय. मी म्हनो, आत्याबाई, आता मातीचं अंगन नाही, शेनाचं पानी कायले टाकता? तं म्हने दारात सडा नाही तं घर झोपलेलं वाटते." पुष्पाबाईने एक किडकं वांगं परत ढिगात टाकलं. "तुया कोबा मात्र अजून तसाच चमकते बरं. येक तडा नाही."

महामाया त्याच संध्याकाळी गेली. अन्नपूर्णाबाई खाटेवर होत्या. त्यांनी तिला जवळ बसवलं, मुलीची चौकशी केली. महामायाची समीक्षा बुलढाण्याला हॉस्टेलवर राहून कॉलेज करते. पडण्याचा विषय महामायालाच काढावा लागला.

"माझाच पाय गेला गं," बाई म्हणाल्या. "वय झालं. कोब्याचं काही नाही त्यात."

ते ऐकून महामायाला बरं वाटलं. तीन महिने ते बरं वाटणं तिने जपून ठेवलं. कोणी विचारलं तर तीही तेच सांगू लागली: बाईंचं वय झालं, पाय गेला. त्याच तीन महिन्यांत तिने आणखी एक कोबा घोटला.

तो आलिमाबींच्या घरचा. फहीम दर्जीची आई आलिमाबी, आणि त्यांची सून उमैमा, जिला सातवा महिना लागला होता. तराईच्या तिसऱ्या दिवशी महामाया बघायला गेली तेव्हा उमैमा बारदानावर पाणी ओतून रिकामी बादली घेऊन परत येत होती. बारदानाच्या कडेला हातभर कोबा उघडा होता. तिचा पाय त्यावर पडला आणि दोन बोटं सरकला. दोनच बोटं. तिने भिंत धरली, आणि महामायाकडे बघून हसली. "चाची, क्या चिकना बनाए तुम," ती म्हणाली आणि आत गेली.

महामाया तिथेच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर एकामागून एक घरं आली. तिने घोटलेली सात घरं. या घरात पोटुशी सून. त्या घरात दोन वर्षांचा पोरगा, नुकता धावायला लागलेला. तिसऱ्या घरात म्हातारा, एका डोळ्याने दिसत नाही. कोब्याखाली काय आहे हे तिला प्रत्येक घरचं तोंडपाठ होतं, किती मुरूम, कुठे दगड. कोब्यावरून कोण चालतं हे तिने आजवर कधी मोजलं नव्हतं.

ती तिथून सरळ नौशाद मिस्त्रींकडे गेली. मिस्त्री आता काम करत नाहीत, हात थरथरतात. दारात खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजतात.

"उस्ताद, आपली घोटाई पाडते लोकाले."

"कोनाले पाडलं? चाळीस वर्षं झाली, माझ्या घोटाईवर कोनी पडलं नाही."

"अन्नपूर्णाबाई पडल्या."

"त्यांनी शेन टाकलं."

"दारात सडा नाही टाकनार तं काय टाकनार बाईमानूस? ते मले समजाले पायजे होतं. मीबी तं बाईच होय." महामाया खाली पायरीवर बसली. "माती सडा पिऊन घेते, उस्ताद. कोबा पेत नाही. वर पापुद्रा धरते. मी गिट्टी पाह्यली, मुरूम पाह्यला, ढाळ पाह्यला. सकाळी उठून त्या अंगनात काय करतीन ते नाही पाह्यलं."

मिस्त्रींनी आत चहा सांगितला. मग म्हणाले, "मी घोटाई कुठं करतो, तुले माईत हाय?"

"खोलीत. ओसरीत."

"आतमंदी. जिथं लोकं चप्पल काढून, कोरड्या पायानं येते. तू ते भायेर नेली. ऊन-पावसात. मी पाह्यलं ना त्या दिवशी. माझ्या मनात आलतं, हे भायेर नाही चालनार. पन काय सांगू बेटा, एवढी सुरेख घोटाई माझ्या हातानंबी कधी झाली नव्हती. मले आवडलं. म्हून गप बसलो."

आतून चहा आला. दोघांनी तो पिऊन टाकला.

"मी त्याच्यावर टाचे मारतो म्हंते," महामाया म्हणाली.

"छन्नीनं खाचे पाडनार? तुझ्या सगळ्यात चांगल्या कामावर?" मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "इचार करून घे. लोकं असं नाही म्हननार का घोटाई चुकीच्या जागी झालती. लोकं म्हनतीन बाईचं काम होतं, उखडलं. तेच आयकाचं हाय तुले?"

महामायाला ते ऐकायचं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती छन्नी, हातोडी आणि एक जुनं पोतं घेऊन अन्नपूर्णाबाईंच्या फाटकात उभी होती.

उकंडराव दुकानात निघाला होता. त्याला वाटलं तिचं डोकं फिरलं.

"चांगल्या कोब्याले टाचे मारता? तीन वर्षांत येक तडा नाही. लोकं फोटो काढून नेतात."

"भाऊ, सगळा नाही. मोटार सोडून कडेचा तीन फुटाचा पट्टा. बाईंच्या चालण्यापुरता."

"अहो, आईनं सडा बंद केला की प्रश्नच मिटला."

महामायाने वाद घातला नाही. नळाखालची बादली उचलली आणि कोब्यावर पाणी ओतलं. "दुकानातच चालले ना? जा मंग असेच."

उकंडराव तिच्याकडे बघून जरा हसला आणि निघाला. तीन पावलं बरी गेली. चौथ्याला त्याने मोटारीचा आरसा धरला. आरसा दुमडला, मग त्याने टप धरलं. दारातून पुष्पाबाईने तोंडाला पदर लावला.

"बूट नवीन हायेत," उकंडराव म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "तीनच फूट, बरं का."

महामायाने खडूने दोन रेघा मारल्या आणि पोतं टाकून बसली. पक्क्या घोटलेल्या कोब्यावर छन्नी चालवणं सोपं नसतं. पहिल्या फटक्याला ठिणगी उडाली. पहिला हातभर तुकडा तिने खोल टाचला, तर त्यात पाणी साचून राहिलं, आणि वॉकरचा रबरी पाय टेकवून पाहिला तो अडकला. मग तिने छन्नी बदलली. टाचे उथळ, जवळजवळ, आणि सगळे ढाळाच्या दिशेने थोडे तिरपे, म्हणजे पाणी वाहून जाईल. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. चुकत चुकत दुपारपर्यंत हात बसला.

दुपारी फाटकाशी माणसं थांबायला लागली. छन्नीचा आवाज गल्लीभर जात होता.

"काऊन, उखडला का कोबा?" समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने विचारलं.

"मिस्त्रीनबाईचं काम होय भाऊ ते," कोणीतरी मागून म्हणालं. दोघे-तिघे हसले.

ओट्यावरून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला. "उखडला नाही. मीच सांगितलंय तिला. मला चालता येत नाही, माझं वय झालं, म्हणून टाचे मारून घेतेय."

महामायाने हातोडी थांबवली. ती वळून बाईंकडे बघत राहिली. बाईंची नजर फाटकाकडे होती, ताठ, शाळेच्या व्हरांड्यात उभ्या असल्यासारखी. आणि महामायाला तेव्हा कळलं की चार महिने या बाई हेच करत होत्या. बाईंचा हिशेब होता: हिच्या हातात काम आपण दिलं. आपण कोब्यावर बोट ठेवलं तर हिचं नाव जाईल. म्हणून माझाच पाय गेला. ज्याला त्याला, माझाच पाय गेला. आणि महामायाने ते आयतं घेतलं.

"बाई, याच्या आधी कधी पाय सटकला होता?" तिने विचारलं.

"तुझं काम कर."

"सांगा ना."

"सटकायचा कधीमधी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षापासून. मी सावरायची."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

महामाया उठली. गुडघ्यावरचा चुरा झटकला आणि फाटकापाशी गेली. गिरणीवाला अजून तिथेच होता, आणखी चार माणसं होती.

"कोबा उखडला नाही, भाऊ," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, तराईला पाणी मारा म्हणून सांगायचा. "कोबा पक्का हाय. पन दारातल्या रस्त्याले घोटाई कराची नसते, अन् मी केली. मी चुकली. बाई त्याच्यावर पडल्या. बाईचं वय नाही झालं काही. तुमच्या घरी कोनाले घोटून पायजे असन तं खोलीत करून देईन, भायेर नाही देनार."

"हाव," गिरणीवाला म्हणाला. "बरोबर हाय," असंही म्हणाला, आणि गिरणीत पट्टा घसरल्यासारखा घाईने आत गेला.

परत येऊन ती पोत्यावर बसली तेव्हा अन्नपूर्णाबाई चिडलेल्या होत्या.

"काय गरज होती गावाला सांगायची? लोक लक्षात ठेवतात असलं."

"ठेवू द्या."

"पुढची कामं जातील तुझी."

"जातीन तं जातीन. तुमी चार महिने त्या खुर्चीवर बसून राह्यल्या, मह्या कामासाठी. आता नका मले शिकवू." असं ती बाईंशी आजवर कधी बोलली नव्हती. बोलून गेल्यावर तिलाच धसका बसला. तिने मान खाली घालून छन्नी धरली.

काम चार दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी नौशाद मिस्त्री आले, खुर्ची मागून घेऊन कोब्याच्या कडेला बसले, आणि प्रत्येक टाच्यावर नजर ठेवून राहिले. मधूनच म्हणत, "हलक्या हातानं, हलक्या हातानं. रोटीवर बोटं उठते ना, तसं." एकदा त्यांनी छन्नी मागितली. ती हातात धरून पाहिली, आणि थरथर थांबेना तशी परत दिली. तिसऱ्या दिवशी अश्वजित जीप लावून जेवणाचा डबा देऊन गेला. दोन गिऱ्हाइकांनी निरोप पाठवला की आमचं काम जरा थांबू द्या. का थांबू द्या ते त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

रोज काम सुटताना महामाया टाचलेल्या पट्ट्यावर बादलीभर पाणी ओतायची आणि ओल्या चपलेने फाटकापर्यंत जाऊन यायची. पाय चिकटल्यासारखा धरत होता. "पाह्यलं ना बाई?" ती विचारायची.

"पाहिलं," बाई म्हणायच्या.

"येऊन पाहा मंग. मी धरतो तुमाले."

"उद्या बघू."

उद्या आला की परत उद्या. पुष्पाबाईने समजावून पाहिलं, उकंडरावाने डॉक्टरांचं नाव घेऊन पाहिलं. बाई वॉकर घेऊन ओट्याच्या कडेपर्यंत येत, खाली बघत, आणि त्यांच्या हाताच्या शिरा फुगत. मग वळून जात. महामायाला एक गोष्ट समजून चुकली होती. कोब्यावर टाचे मारता येतात. माणसाच्या आत जे गुळगुळीत होऊन बसलेलं असतं तिथे छन्नी पोचत नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती शेवटचा तुकडा टाचत होती आणि मनाशी म्हणत होती, नाही आल्या तर नाही आल्या. आपण केलं तेवढं केलं.

"राहिलं बघ," ओट्यावरून आवाज आला.

"काय राह्यलं?"

"तिथे. मोटारीच्या चाकाच्या अलीकडे. ओळ सुटलीय."

महामायाने पाहिलं. तिला काही दिसलं नाही. सारखं छन्नीकडे बघून डोळ्यांपुढे सगळंच टाचल्यासारखं झालं होतं. "कुठं? हे तं झालं."

"ते नाही गं. त्याच्या उजवीकडे."

"इथं?"

"डोळे कुठे आहेत तुझे? वीतभर सोडलंयस. चमकतंय की ते."

"नाही दिसून राह्यलं, बाई."

"थांब," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि वर्गात फळ्यापाशी चुकलेल्या पोराकडे जावं तशा त्या निघाल्या. वॉकर चार बोटं खाली कोब्यावर टेकला. मग एक पाय. मग दुसरा. महामाया उकिडवी होती तशीच राहिली. उठून धरायला जावं असं तिला फार वाटलं, पण तिने हालचाल केली नाही. दारात पुष्पाबाई हातातलं ताट घेऊन थांबली. वॉकर टकटक करत पुढे आला. पाच फूट. दहा फूट. पंधरा फुटांवर बाईंनी वॉकरच्या टोकाने खाली दाखवलं.

"हे."

खरंच वीतभर पट्टी सुटली होती. महामायाने ती दोन्ही हातांनी चाचपली. गुळगुळीत.

"हाव," ती म्हणाली. "राह्यलंच होतं."

"मग कर की आता."

महामाया टाचायला लागली. अन्नपूर्णाबाई तिथेच उभ्या राहिल्या, हातोडीच्या प्रत्येक घावावर लक्ष ठेवून. पट्टी संपली तेव्हा आपण कुठे उभ्या आहोत ते त्यांना जाणवलं. त्यांनी मागे ओट्याकडे पाहिलं, पुढे फाटकाकडे पाहिलं. मागे पंधरा फूट होते, पुढे पंचवीस. महामाया आता उठली आणि त्यांच्या उजव्या हाताला, हात न लावता, उभी राहिली.

"धरू?"

"नको. नुसती बरोबर चल."

पंचवीस फुटांना बराच वेळ लागला. दोनदा थांबावं लागलं. फाटकाची कडी बाईंनी स्वतः काढली. बाहेर गल्लीतून भाजीवाली हातगाडी ढकलत चालली होती. बाईंना पाहून ती थांबली, म्हणाली, "बाई, लय दिवसांनी." बाईंनी मेथीची जुडी उचलली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, ही कालची आहे. भाजीवाली म्हणाली, आजची आहे. बाई म्हणाल्या, मला शिकवतेस का. दोघींचं ते बराच वेळ चाललं.

महामायाला आलिमाबींच्या घरी जायचं होतं. तिथल्या कोब्याची तराई अजून चालू होती; आजच हात घातला तर छन्नी सोपी चालणार होती. दिवसागणिक तो जास्त कडक होत होता. तिने हातोडी-छन्नी पोत्यात गुंडाळली, पोतं काखेत मारलं. तरी ती निघाली नाही. बाई एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताने कोथिंबीर बाजूला सारत होत्या, आणि त्यांना परत ओट्यापर्यंत यायचं होतं.